गे पुरुषांसाठी एचआयव्ही आणि लैंगिक आजारांची मोफत तपासणी: कुठे होते, काय विचारतात, काय राहून जातं?

सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरीही अनेक गे पुरुष तिथे जायचं टाळतात. तिथे काय विचारतील, ओळखीचं कोणी दिसलं तर काय, रिपोर्ट घरी कळेल का, हे प्रश्न आडवे येतात. म्हणून आधी हेच बघूया.

जायचं कुठे?

शोधायची पाटी आहे 'आयसीटीसी', म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. जिल्हा रुग्णालयं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत ही केंद्रं आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज ही सगळ्यांना माहीत असलेली ठिकाणं. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं. गावातल्या केंद्रात जायचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या किंवा शहरातल्या केंद्रात जा. जवळचं केंद्र कुठलं हे १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं. कॉल मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुसरा मार्ग समुदायातल्या संस्थांचा. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेला हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट ही त्यातली जुनी नावं. अशा संस्था बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी करतात, आणि त्यात काही आढळलं तर आयसीटीसीपर्यंत सोबत येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा रस्ता सोपा पडतो, असं आमचं मत. समोरच्याला 'गे म्हणजे काय' इथपासून सांगावं लागत नाही.

आत गेल्यावर काय होतं?

आधी समुपदेशक बोलतात. नाव, वय, पत्ता, लग्न झालंय का, संबंध कोणाशी, कंडोम वापरता का, असे प्रश्न येतात. बरेच जण इथेच 'बायको' किंवा 'गर्लफ्रेंड' सांगून मोकळे होतात. तसं सांगितल्यावर एचआयव्हीची चाचणी होईलच, पण गुदद्वाराच्या किंवा घशाच्या संसर्गाबद्दल कोणी विचारणार नाही. पुरुषांशी संबंध येतो हे सांगायला कायद्याची भीती बाळगू नका. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. फॉर्मवर किंवा बोलण्यात 'एमएसएम' असा शब्द आला तर दचकू नका. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठीचा तो सरकारी शब्द आहे.

मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो, आणि तो देतानाही समुपदेशक बोलतात. पहिल्या चाचणीत 'रिॲक्टिव्ह' आलं म्हणजे लगेच एचआयव्ही आहे असं नाही. वेगवेगळ्या किटवर एकूण तीन चाचण्या करूनच निदान पक्कं करतात.

'नॉन-रिॲक्टिव्ह' आलं तर तारीख मोजा. संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. शनिवारी संबंध आणि सोमवारी चाचणी, असा रिपोर्ट त्या शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. आणि प्रसंग ७२ तासांच्या आतला असेल तर चाचणीच्या रांगेत थांबू नका. संसर्ग टाळणारी पेप नावाची औषधं २८ दिवस घ्यावी लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. तातडीच्या विभागात किंवा एआरटी केंद्रात जा. तिथे अडलं तर खासगी डॉक्टरही ती लिहून देऊ शकतात.

मोफत तपासणीत काय राहून जातं?

याबद्दल फार कमी बोललं जातं. एचआयव्हीसोबत सिफिलिसची, म्हणजे गरमीची, रक्तचाचणी मागून घ्या. ती सरकारी व्यवस्थेत उपलब्ध आहे. पण गोनोरिया (परमा) आणि क्लॅमिडियाचं तसं नाही. 'सुरक्षा क्लिनिक' नावाच्या लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मुख्यतः लक्षणं बघून देतात. स्राव असेल तर एका रंगाचं औषधांचं किट, जखम असेल तर दुसऱ्या रंगाचं. औषधं मोफत असतात, आणि त्रास होत असेल तर ही पद्धत उपयोगी आहे. अडचण अशी, की घसा आणि गुदद्वारातले हे संसर्ग बरेचदा काहीच लक्षण दाखवत नाहीत. लघवीत जळजळ नाही म्हणजे सगळं ठीक, हे गृहीत धरू नका. त्या जागांचा स्वॅब तपासायचा तर बहुधा खासगी लॅब गाठावी लागते आणि ते स्वस्त नाही. किमान सुरक्षा क्लिनिकमध्ये संबंधांचा प्रकार स्पष्ट सांगा, म्हणजे डॉक्टर त्या जागा तपासतील.

हिपॅटायटिस बीची चाचणीही विचारून घ्या. त्यावर लस आहे.

रिपोर्ट कोणाला कळतो?

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट घरच्यांना, मालकाला किंवा घरमालकाला सांगता येत नाही. वय १८ पेक्षा कमी असेल तर मात्र पालकांची संमती मागतात.

विवाहित पुरुषांनी एक अपवाद आधीच माहीत करून घ्यावा. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल आणि जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाटलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. पण आधी तुम्हाला स्वतःहून सांगण्यासाठी समुपदेशन करावं लागतं, त्यानंतरही तुम्ही सांगणार नाही असं दिसलं तरच ते पाऊल उचलता येतं, आणि तसं करणार असल्याचं तुम्हाला कळवावंही लागतं. जोडीदाराच्या बाजूने बघितलं तर ही तरतूद रास्तच आहे.

पॉझिटिव्ह निघालात तर एआरटी औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ही योजना २००४ पासून सुरू आहे. औषधं नियमित घेऊन रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली गेलं आणि तसंच टिकलं, तर संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही.

कर्मचाऱ्याने हिणवलं, तपासणी नाकारली किंवा माहिती फोडली तर काय? याच कायद्यानुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या वर राज्य पातळीवर लोकपाल असतो. तारीख, वेळ आणि कोण काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि तक्रार लेखी द्या.