चिंधीचा भाव

मी नववीत असताना आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात शिवणवर्ग सुरू झाला. शहरातल्या एका महिला मंडळाने तो चालवायला घेतला होता. दोन पायमशीन आणि शिंप्यांच्या दुकानांतून गोळा केलेल्या कातरणाची पोती, एवढेच त्याचे भांडवल. माझी आय आणि गल्लीतल्या सात-आठ बाया त्या चिंध्या रंगाला रंग लावून जोडत, खाली जुन्या चादरीचे अस्तर घालून धावदोरा भरत आणि त्याच्या पर्सा करत. वाकळ शिवणारा हात होता. पर्स म्हणजे त्याला वीतभर वाकळच. दिवाळीच्या आधी मंडळाचे विक्री-प्रदर्शन भरे. एका वर्षी आय मला बरोबर घेऊन गेली. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती : ‘गरजू भगिनींच्या मदतीसाठी’. आयने ती माझ्याकडून वाचून घेतली.

“गरजू मंजी कोन गं?”

“आपनच.”

“मंग शिवलं कुनी?”

पुढे महिन्याभराने एक छोटा समारंभ झाला. प्रत्येक बाईला एक लुगडे आणि साखरेचा पुडा मिळाला, फोटो निघाला. पर्सा किती खपल्या, केवढ्याला खपल्या, हे कुणी सांगितले नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलेही नाही. त्या मंडळातल्या बाया वाईट होत्या असे मी म्हणत नाही. एकीने तर मला दहावीची पुस्तके दिली. परंतु ‘मजुरी’ हा शब्द त्या अख्ख्या व्यवहारात एकदाही उच्चारला गेला नाही. काम आमचे आणि दान त्यांचे, असा तो हिशेब होता. आयचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे, आणि हा लेख म्हणजे त्याचा जमेल तसा घेतलेला शोध आहे.

आपल्या समाजाचा कापडाशी असलेला संबंध हा नव्या कापडाशी नव्हे, टाकलेल्या कापडाशी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांची वस्त्रे मृतांची असावीत असे सांगून टाकले. महारांच्या बावन्न हक्कांची जी यादी मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, तीत मढ्यावरचे कापडही आहे. हक्क म्हणायचे आणि प्रेतावरचे कापड द्यायचे, ही भाषेची किमया या देशातच शोभते! उतरलेले कापड आधी अंगावर, ते विरले की लेकराच्या अंगावर आणि शेवटी वाकळीत. आमच्या घरची वाकळ उसवली असती तर गावगाड्याचा इतिहास थराथराने बाहेर आला असता. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर लुगडे कसे नेसावे यावर भाषण केले, तेव्हा ते फॅशनवर बोलत नव्हते. अस्पृश्यपणाची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने टाका, असे ते सांगत होते. कापड ही जातीची पाटी होती आणि ती उतरवायची होती.

पण याच चिंधीचा दुसरा एक इतिहास आपल्याच परंपरेत आहे. आरंभीचे भिक्खू पांसुकूल चीवर वापरत, म्हणजे उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्या धुऊन, शिवून केलेले वस्त्र. पुढे जीवक वैद्याने दिलेल्या वस्त्राच्या निमित्ताने गृहस्थांनी दिलेले कापड घेण्याची मुभा झाली, तरी कापड कापून, तुकडे जोडूनच चीवर करायचे हा नियम राहिला. विनयपिटकात कथा आहे : मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, असे चीवर शिवता येईल का? आनंदाने ते शिवले. आजही भिक्खूच्या चीवरावर ती शेते दिसतात.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. स्मशानातले कापड तेच. एकाने ते राजवस्त्र सोडून स्वतःहून उचलले, दुसऱ्यावर ते धर्मशास्त्राने लादले. कापडात अपमान नव्हता. निर्णय कुणाचा, यात होता. आयच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे मिळाले. उरलेले निम्मे, म्हणजे भाव कुणी ठरवायचा हे, मला फार दूरच्या एका नदीकाठी सापडले.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली होती, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. आपण त्यांच्या कविता वाचल्या, भाषणे वाचली. त्यांच्या गोधड्यांकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. आपल्या आयांच्या वाकळींकडे तरी कुठे गेले होते?

अलाबामा राज्यातल्या विलकॉक्स परगण्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. १८४६ मध्ये मार्क पेटवे या मळेवाल्याने नॉर्थ कॅरोलायनातून सुमारे शंभर गुलाम पायी चालवत तिथे आणले. गुलामी गेली तरी मालकाचे आडनाव राहिले आणि कुळवहिवाटीचे कर्जही राहिले. १९३२ मध्ये उधारी देणारा सावकार मेल्यावर त्याच्या वारसांनी वसुलीसाठी घराघरांतून जनावरे, अवजारे, धान्य उचलून नेले. त्यानंतर सरकारने ती जमीन विकत घेतली आणि स्वस्त कर्जावर कुळांना दिली. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. पायाखाली स्वतःची जमीन आली म्हणून पुढे १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले तेव्हा ही माणसे मतदार-नोंदणीला निघू शकली. त्याआधी १९६२ मध्येच परगण्याच्या गावाला जाणारी होडी गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंद करून टाकली होती. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. आपल्याकडच्या वाचकाला बहिष्कार वेगळा समजावून सांगायला नको.

तिथल्या बाया क्विल्ट शिवत, म्हणजे आपली वाकळच. विरलेल्या पँटी, शर्ट, पिठाची पोती. १९४२ मध्ये मिझोरी पेटवे या बाईने मेलेल्या नवऱ्याच्या शेतकामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याच्या आठवणीसाठी आणि त्याच्या उबेखाली निजण्यासाठी. तिचे छायाचित्र पाहिले तेव्हा मी थबकले. माझा बाप वारला त्या पावसाळ्यात आयने त्याचे धोतर आणि दोन पैरणी वाकळीच्या वरच्या थराला घातल्या होत्या. नेहमी जुने खाली घालतात. मी तसे म्हणाले तर ती काही बोलली नाही.

१९६५ च्या अखेरीस फ्रान्सिस वॉल्टर नावाचा गोरा पाद्री त्या भागात नागरी हक्कांचे काम करत फिरत होता. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्याला दिसल्या. त्याने काही विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलाव केला. इथपर्यंत गोष्ट आमच्या मंडळासारखीच आहे. पण मार्च १९६६ मध्ये त्या बायांनी सहकारी संस्था काढली : फ्रीडम क्विल्टिंग बी. एस्टेल विदरस्पून ही त्यांच्यातलीच बाई तिची सूत्रे सांभाळत होती. शिवणाऱ्या स्वतः सभासद, पैसा त्यांचा. १९६९ मध्ये संस्थेने जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधले आणि मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल ज्यांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले होते अशा कुटुंबांना त्यातले तुकडे विकले. चिंध्यांतून जमीन! आमच्या शिवणवर्गातून फोटो निघाला होता.

सगळे गोड झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. मोठ्या दुकानांची कामे आली तशी एकसारख्या नमुन्याची सक्ती आली. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीने कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचे काम दिले. तिथे मनासारखी चिंधी लावायला वाव नव्हता. गंमत अशी की त्याच कॉर्डरॉयचे उरलेले तुकडे बायांनी घरी नेले आणि त्यांच्या गोधड्या केल्या. त्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. समीक्षकांनी अमूर्त चित्रकलेशी त्यांचे नाते जोडले, २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली. पण २००७ मध्ये काही बायांनी कोर्टात दावे लावले, की आमच्या कामाचा पैसा आम्हाला पुरेसा मिळाला नाही. पुढच्या वर्षी तडजोड झाली. संस्थाही २०१२ मध्ये बंद पडली. आपल्याकडच्या सौंदर्यशास्त्रज्ञांना गोधडीत अचानक ‘लोककला’ दिसू लागली आहे, त्यांनी हे दावे आधी वाचावेत. भिंतीवर टांगल्याने हिशेब मिटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायांनी पुन्हा चिंध्यांच्या पर्सा शिवायला घेतल्या. या वेळी मंडळ नाही, त्या अकराजणी. शिंप्याकडून कातरण किलोवर विकत आणतात, वही ठेवतात. जयंतीच्या दिवशी स्टॉल लावायचा ठरला आणि पाटी लिहायचे काम, शिक्षिका म्हणून, माझ्याकडे आले. मी प्रत्येकीचे नाव लिहिले, खाली भाव लिहिला. आयच्या बरोबरीने त्या वर्गात बसलेली एक म्हातारी पाटीकडे पाहत राहिली.

“पोरी, मदतीसाठी असं लिव्ह की. चार जास्त खपत्याल.”

मी नको म्हणाले. कारण सांगितले, आयची गोष्ट सांगितली. तिला ती आठवत होती.

“ती शिकवत बसली आसती का मला? तिनं बी लिवलं आसतं,” ती म्हणाली, आणि बाकीच्या दोघी-तिघींनी मान हलवली. पाटीचा वाद संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी मते घेतली. अकरापैकी सहा जणी माझ्या बाजूच्या निघाल्या, आणि पाचजणींनी ‘बघू की किती खपत्यात’ म्हणत दोरा ओवला.