व्हॉल्व्हचा रेडिओ आणि गावाचे ऐकणे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गुजरातच्या सीमेकडील डोंगराळ पट्ट्यात हरसूल वसले आहे. भात, नागली आणि वरई पिकविणाऱ्या या मुलखात पाऊस मुबलक. वीज मात्र उशिरा पोहोचली. रेडिओ, तबकडी वाजविणारे यंत्र आणि स्पीकर एकाच लाकडी कपाटात सामावणारा रेडिओग्राम ही त्यामुळे इथल्या माणसाला शहरातील सुखवस्तू दिवाणखान्यातच दिसणारी चीज होती. आज असे कपाट दुरुस्तीसाठी उघडले की त्यातील काचेच्या नळ्यांबरोबर आपल्या ऐकण्याचा इतिहासही समोर येतो.

१९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ मध्ये डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र घातले. पुढे त्याच्याच बळावर क्षीण संकेत मोठा करता येऊ लागला आणि घराघरांत आवाज पोहोचला. मुंबईचे प्रसारण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण व्हॉल्व्हला तापण्यासाठी एक वीज लागे आणि काम करण्यासाठी दुसरी, अधिक दाबाची. वीज नसलेल्या गावी रेडिओ न्यायचा तर दीड व्होल्टच्या बॅटरीबरोबर नव्वद व्होल्टची जड, महागडी बॅटरीही न्यावी लागे. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च कुठून झेपावा?

म्हणून गावाने मिळून ऐकले. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले; मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे त्यांना आढळले. पुढे छोट्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर आला. रेडिओ खांद्याला लटकला, शेताच्या बांधावर गेला आणि ऐकणे हळूहळू ज्याचे त्याचे झाले.

जुन्या संचाला पुन्हा बोलते करायचे तर घाई उपयोगाची नाही. वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट विजेला जोडणे धोक्याचे. दमट हवेने कागदी कंडेन्सर गळके होतात, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात. मग व्हॉल्व्हची पट्टी लालबुंद होते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणता कारागीर आधी हे कंडेन्सर बदलतो, वायरींचे आवरण तपासतो आणि मगच साध्या बल्बला सिरीजमध्ये जोडून संच सुरू करतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो बल्बच प्रखर पेटून सावध करतो. संच बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरतो. अननुभवी हाताने तेथे जाऊच नये. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी तयार केलेले व्हॉल्व्ह जुन्या बाजारात अजून सापडतात. ते ओळखणारे कारागीर मात्र विरळ होत चालले आहेत.

आतील सारे काढून टाकून नुसत्या कपाटात नवे यंत्र बसविण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. ती सोयीची असेल; पण तिने लाकूड तेवढे वाचते, आवाज जातो. निकामी झालेला भागच बदलावा, काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून त्याच कपाटात ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीला मूळ रचना समजेल. त्याबरोबर आणखी एक गोष्ट जपण्याजोगी आहे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात शेजाऱ्याला हाक मारावी. हरसूलच्या परिसरात आज हातोहाती मोबाईल आहेत आणि प्रत्येकाच्या कानात वेगळा आवाज आहे. एकत्र ऐकून मग एकमेकांशी बोलण्याची जी सवय १९५६ च्या त्या मंडळांनी लावली, ती कोणत्याही दुकानात सुटा भाग म्हणून मिळत नाही.