राजा-चव्वी

गेली बावीस वर्षे मी बँकेत लोकांना 'नाही' म्हणण्याचा पगार घेतो आहे. कर्जाचा अर्ज आला की आधी पगाराचा दाखला, मग तारण, मग जामीनदार, आणि शेवटी 'साहेब रजेवर आहेत'. असा हा मी गेल्या दिवाळीत पोकर खेळायला बसलो आणि अर्ध्या तासात दोनशे चिंचोके हरलो. कारण एकच. हातात आलेल्या एकाही पानाला मला 'नाही' म्हणवेना.

गुरू होता माझा भाचा. खेळ दिसायला सोपा. प्रत्येकाला दोन पाने झाकून, मग मध्ये सर्वांसाठी पाच उघडी. सातांतून उत्तम पाच जुळवायची. तो म्हणाला, "मामा, निम्मं शहाणपण पहिल्या दोन पानांतच. खेळायची की टाकायची, एवढंच ठरवा."

"वाटलेली पानं टाकायची? अरे, वाढलेल्या पानावरून उठल्यासारखं वाटतं रे!"

मग मी सवयीप्रमाणे जुन्या नोंदी तपासल्या, म्हणजे या खेळाचा इतिहास वाचला. तेव्हा कळले की ही अडचण माझ्या एकट्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सला आणि मिसिसिपीच्या आगबोटींवर पोकर चाले तो वीसच पानांचा. दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघे खेळणार, प्रत्येकाला पाच, जोड संपला. सत्ती-दुर्रीची भानगडच नाही, जे येईल ते घरंदाज. पुढे बावन्न पाने आली आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारखी किरकोळ मंडळीही आली. नको ती पाने बदलून घेण्याची सोय झाली, आणि मग जो तो कसल्याही पानांवर बोली लावू लागला.

त्यावर १८७० च्या सुमारास एक नियम निघाला. हातात गुलामाची जोडी किंवा त्याहून वरचे काही असेल तरच बोली उघडायची. कोणाकडेच नसेल तर मधला गल्ला तसाच राहायचा आणि पुढच्या डावात वाढायचा. जॅक म्हणजे गुलाम, पॉट म्हणजे गल्ला. 'जॅकपॉट' हा शब्द तिथला. आमच्याकडे खात्यात किमान शिल्लक लागते, तशी ही किमान लायकी!

पण भाच्याने शिकवला तो दोन पानांचा प्रकार टेक्सासचा. रॉब्सटाउन हे गाव त्याचे जन्मस्थान, असा ठराव तिथल्या विधिमंडळाने २००७ साली केला. १९६० च्या दशकात हा खेळ लास वेगासला पोहोचला. इथे लायकीचा नियम नाही, ज्याने त्याने आपली अक्कल वापरायची. दोन पानांचे हात होतात १,३२६. रंगाचा भेद सोडला तर प्रकार १६९. त्यांत एक्क्यांची जोडी येणार सरासरीने २२१ डावांतून एकदा, आणि कसलीही जोडी सतरांतून एकदा. १९७६ साली डेव्हिड स्क्लॅन्स्की या गृहस्थाने या हातांची प्रतवारी लावणारे पुस्तक काढले. हे गृहस्थ विमागणिताच्या परीक्षा दिलेले. म्हणजे आपण कधी मरणार याचा हिशेब ठेवणाऱ्यांपैकी!

हे ऐकूनही मी राजा-चव्वी खेळलो. राजाला टाकायचे कसे? मध्ये राजा आला, माझी जोडी झाली, मी चिंचोके ओतले. भाच्याने पाने उघडली, एक्का-राजा. जोडी दोघांचीही राजाचीच, पण त्याच्या राजाशेजारी एक्का आणि माझ्या राजाशेजारी चव्वी. जामीनदार बड्या घरचा, पण पगाराचा दाखला नाही, अशातली गत.

"मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी हे खेळा," भाचा म्हणाला. "पाचांतले चार हात टाका. शेवटी बोलायची पाळी असेल तर थोडं सैल सोडा, कारण बाकीच्यांनी काय केलं ते तुम्हाला दिसलेलं असतं."

हे मला लगेच पटले. आमच्या साहेबांकडेही फाइल सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच जाते.

तरी मी पुरावा काढलाच. डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेता झाला तो शेवटच्या डावात दश्शी-दुर्रीवर! २००३ साली ख्रिस मनीमेकर (आडनाव खरेच!) पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. हा चक्क अकाउंटंट, म्हणजे आमच्याच गोत्राचा. त्याचा शेवटचा हात पंजी-चव्वी. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तेव्हा टेबलावर दोघंच उरले होते. दोघांत बारीक पानांनाही किंमत येते. नऊ जणांत नाही." आणि एक्क्यांची जोडीसुद्धा एकाच गड्याविरुद्ध शंभरांतून पंधरा वेळा हरते म्हणे. म्हणजे नीट निवडूनही हरायचे ते आहेच, मग न निवडता कशाला?

सोमवारी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पतपेढीचा फॉर्म घेऊन आले. "जामीनदार म्हणून फक्त सही हवी होती."

सहा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एकाला अशीच 'फक्त सही' दिली होती. चौदा हप्ते माझ्या पगारातून गेले. त्या वर्षी थोरलीची शाळेची सहल राहिली, आणि ती एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

फॉर्म हातात घेतला. माणूस मोठा गोड. पण शेजारी दुसरे पान कुठले? आधीची दोन कर्जे.

"नाही जमणार हो," मी म्हणालो. काउंटरवर येतो तो खणखणीत आवाज काही आला नाही. तळहाताला घाम मात्र आला.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन स्वतःच आले. "तुम्ही पोकर शिकताय म्हणे. मलाही बसवा की एकदा."

"अवश्य या रविवारी," मी म्हटले, "फक्त चिंचोके आपापले आणा."