नसबंदी : सक्तीची आठवण आणि संमतीचा प्रश्न

मुस्लिम समाज आणि कुटुंबनियोजन हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एक बाजू म्हणते, यांचा मजहब आडवा येतो. दुसरी बाजू म्हणते, हा आमची संख्या घटवण्याचा डाव आहे. इतिहास मात्र दोघेही वाचत नाहीत. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक पटनोंदणीसाठी मोहल्ल्यात फिरतो, तेव्हा घरात मुले किती, एवढे विचारले तरी दारातली माणसे सावध होतात. या सावधपणात धर्म किती आणि इतिहास किती, हे एकदा तपासायला हवे.

आधी धर्माचे पाहू. उर्दूत कुटुंबनियोजनाला 'खानदानी मन्सूबाबंदी' म्हणतात. शब्द नवा असला तरी कल्पना नवी नाही. गर्भ राहू नये म्हणून 'अज्ल' करण्याची रीत पैगंबरांच्या काळीही होती, अशी नोंद हदीसमध्ये आहे. इमाम गझालींनी अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर ती जायज ठरवली. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात गर्भ टाळण्याचे उपाय दिले आहेत. खरा मतभेद आहे तो कायमच्या शस्त्रक्रियेबद्दल. आपल्याकडचे बहुतेक उलेमा वैद्यकीय गरज नसेल तर ती नाजायज मानतात. पण इराणमध्ये 1989 नंतर इस्लामी सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, पुरुषांची नसबंदी मोफत केली. आणि पुढे लोकसंख्या वाढवावी असे वाटू लागताच 2021 च्या कायद्याने त्याच सोयींवर बंधने घातली. मजहब तोच होता, बदलली ती राज्यकर्त्यांची गरज.

आता आपल्या देशाचे पाहू. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. तो समाज काही एकट्या मुसलमानांचा नव्हता. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला शस्त्रक्रिया हा अनेक उपायांपैकी एक उपाय होता. साठच्या दशकात पैसे देऊन माणसे आणण्याची पद्धत रुळली. 1971 च्या जुलैमध्ये केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात 63 हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत जवळजवळ सगळे पुरुष होते. पुरुष नसबंदीला तयारच होत नाही, हे विधान त्यामुळे टिकत नाही. मात्र तिथेही रोख रकमेचे आणि वस्तूंचे आमिष होते, आणि गरिबाच्या बाबतीत आमिष व सक्ती यांत फार अंतर नसते.

ते उरलेसुरले अंतर आणीबाणीने पुसून टाकले. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. एप्रिल 1976 मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरे पाडली गेली, गोळीबार झाला. जवळच नसबंदीचे शिबिर चालू होते. ऑक्टोबरमध्ये मुझफ्फरनगरला गोळीबार झाला. नोव्हेंबरमध्ये मेवातमधल्या उटावड गावाला पोलिसांनी पहाटे वेढा घातला आणि पुरुषांना उचलून नेले. भरडले गेले ते फक्त मुसलमान नव्हेत. दलित, भूमिहीन, फुटपाथवर झोपणारे, सगळेच. महाराष्ट्रही मागे नव्हता. तीन अपत्यांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक आपल्याच विधिमंडळाने 1976 मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही.

या कामाला सरकारने कोणाला जुंपले? तलाठ्यांना, पोलिसांना आणि आम्हा शिक्षकांना. अनेक राज्यांत मास्तरांना 'केस' आणण्याचा कोटा होता. तो भरला नाही तर पगार अडत असे. ज्या दारात मुलाचे नाव शाळेत घालायला सांगायचे, त्याच दारात बापाला ऑपरेशनला चल म्हणायचे. दार लागले ते तेव्हा. नंतरच्या पिढीच्या शिक्षकांनी ते लागलेलेच पाहिले.

शाह आयोगाने नसबंदीशी संबंधित 1,774 मृत्यूंची नोंद केली. 1977 मध्ये सरकार पडले, खात्याच्या नावात 'नियोजना'ऐवजी 'कल्याण' आले, आणि शस्त्रक्रियांचा वर्षाचा आकडा दहा लाखांखाली आला. पुढे तो पुन्हा वाढला, पण आता टेबलावर बाई होती. पुरुषांच्या रागाला सरकार घाबरले. बायकांच्या रागाची भीती कोणाला नव्हती. खरे तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आहे. जागा बधिर करून वीर्यवाहिन्या बंद करतात, पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. पुरुषत्व जात नाही. तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी करून घ्यावी लागते, इतकेच. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, तर नवऱ्याची झालेली फक्त 0.3 टक्के. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या अनेक जणी दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

याच काळात मुस्लिम स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण 1992-93 मधल्या 4.4 वरून 2.4 वर आले. हे पोलिसांनी केले नाही, फतव्यांनी थांबवले नाही. शिक्षण, शहर आणि महागाई यांनी ते घडवले, आणि निर्णय बायकांनी घेतला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की नसबंदी जायज की नाजायज या वादात समाजाने चाळीस-पन्नास वर्षे घालवली. पण जिच्या पोटावर टाके पडतात तिला विचारले का, हा प्रश्न ना सरकारने विचारला, ना मौलवींनी, ना नवऱ्यांनी. पूर्ण माहिती, दुसऱ्या साधनांची निवड आणि नाही म्हणण्याची मुभा, या तीन गोष्टी असतील तरच शस्त्रक्रिया हे कुटुंबनियोजनाचे साधन ठरते. एरवी ती 1976 च्या सक्तीचीच शांतपणे चाललेली पुढची पायरी आहे.