सागरी सूक्ष्मशैवलांतील वसा व प्रतिऑक्सिडीकारके : निष्कर्षण

खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एकपेशीय शैवलांतून आहारोपयोगी वसाम्ले व प्रतिऑक्सिडीकारक रंगद्रव्ये वेगळी काढण्याची प्रक्रिया. माशांच्या तेलातील ज्या लांब साखळीच्या ओमेगा-३ वसाम्लांचा एवढा लौकिक आहे, ती मासे बहुतांशी स्वतः घडवीत नाहीत. अन्नसाखळीच्या तळाशी असलेल्या शैवलांकडून ती त्यांच्याकडे येतात.

नॅनोक्लोरोप्सिस व फिओडॅक्टिलम यांत २० कार्बन अणू व ५ द्विबंध असलेले आयकोसापेंटानोइक अम्ल, तर आयसोक्रायसिसमध्ये २२ कार्बन अणू व ६ द्विबंधांचे डोकोसाहेक्झानोइक अम्ल आढळते. फिओडॅक्टिलम व आयसोक्रायसिस यांना तपकिरी छटा देणारे फ्यूकोझँथीन हे प्रतिऑक्सिडीकारक होय. मिठागरांत वाढणाऱ्या ड्यूनालिएला सलायनामध्ये प्रतिकूल परिस्थितीत बीटा-कॅरोटीनचे प्रमाण शुष्क वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते. फ्रान्समधील मिठागरांची लाली १८३८ मध्ये अभ्यासणाऱ्या द्यूनाल यांचे नाव या प्रजातीस १९०५ मध्ये मिळाले, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगून येथे तिचे व्यापारी संवर्धन होते.

ज्या द्विबंधांमुळे ही द्रव्ये मोलाची ठरतात, त्यांच्याचमुळे ती उष्णता, प्रकाश व हवा यांनी लवकर बिघडतात. म्हणून काढणीपासून साठवणीपर्यंतचा सारा बंदोबस्त त्यांना जपण्यासाठी असतो. उघड्या तलावांतील लिटरभर पाण्यात बहुधा १ ग्रॅमहूनही कमी शुष्क शैवल असल्याने, केंद्रोत्सारणाने ते गोळा करण्यातच खर्चाचा मोठा वाटा जातो. नॅनोक्लोरोप्सिसची चिवट पेशीभित्ती मण्यांच्या चक्कीत किंवा उच्च दाबाखाली फोडावी लागते. ड्यूनालिएलाला कठीण भित्तीच नसल्याने तेथे ही खटपट वाचते.

ब्लाय व डायर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल पद्धत प्रयोगशाळेतील मोजमापास उत्तम असली, तरी त्या विद्रावकांच्या विषारीपणामुळे खाद्य जिनसांसाठी हेक्झेन, एथॅनॉल किंवा अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइड यांचा अवलंब होतो. हा वायू ३१.१° से. तापमान व सुमारे ७३ वातावरण दाब यांच्यापलीकडे नेला असता द्रवासारखा विरघळवितो आणि वायूसारखा झिरपतो. दाब उतरविताच तो निघून जातो व अर्क मागे उरतो. ध्रुवीय वसा व फ्यूकोझँथीन मात्र त्यात सहज विरघळत नसल्याने जोडीस थोडे एथॅनॉल द्यावे लागते.

शुद्ध केलेले तेल अखेर नायट्रोजनाच्या आच्छादनाखाली, प्रकाशापासून दूर, बहुधा टोकोफेरॉल मिसळून ठेवतात.