सार्वजनिक कायदा व तंटानिवारण : वकिली (धर्मापुरी परिसर, जि. बीड)

शासन, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा अन्य सार्वजनिक संस्थेच्या निर्णयाविरुद्ध नागरिकाची बाजू मांडणे, आणि जमेल तिथे तंटा निकालापर्यंत न नेता मिटवणे, अशी दुहेरी वकिली. मुंबईत सॉलिसिटर प्रकरण बांधतो आणि न्यायालयात उभा राहतो तो दुसरा वकील. मराठवाड्यात ही वाटणी नाही. कागद गोळा करणारा, नोटीस काढणारा आणि युक्तिवाद करणारा बहुधा एकच असतो. अपवाद उच्च न्यायालयाचा. तालुक्याचा वकील फाइल बांधून खंडपीठातल्या वकिलाकडे पाठवतो.

धर्मापुरी हे परळी वैजनाथ तालुक्यातील, चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. इथल्या माणसाचा शासनाशी वाद झाला की त्याला तहसीलसाठी परळी, जिल्हाधिकाऱ्यांसाठी बीड आणि विभागीय आयुक्त व खंडपीठासाठी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) गाठावे लागते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या उच्च न्यायालयाखाली होता, पुढे मुंबईखाली आला. औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले ते २७ ऑगस्ट १९८१ पासून. त्या निर्णयालाच आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो वैध ठरवला, आणि २७ ऑगस्ट १९८४ रोजी खंडपीठ कायमचे झाले. रिट याचिका सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली ती यामुळे.

गावपातळीवर या वकिलीचा मोठा भाग ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ भोवती फिरतो. सरपंचावरील अविश्वास ठरावाची विशेष सभा तहसीलदार बोलावतात. नोटीस सर्वांना वेळेत पोचली का, यावरच अनेकदा ठराव टिकतो किंवा पडतो. सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय कलम १६ खाली जिल्हाधिकारी देतात आणि अपिलाची मुदत जेमतेम पंधरा दिवसांची असते.

सर्वांत जास्त भांडण पेटते ते शासकीय किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणावरून, म्हणजे कलम १४ (१) (ज-३) वरून. अतिक्रमण सासऱ्यांनी केले, सून निवडून आली. ती अपात्र ठरते का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्थ आखूड घेतला : ज्याने मूळ अतिक्रमण केले तोच अपात्र. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोडीत काढला. कुटुंबीयाने केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणाराही त्यात आला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी विचखेडा (जि. जळगाव) येथील महिला सरपंचांचे प्रकरण याच न्यायालयापुढे आले. सासूसह शासकीय जमिनीवरील घरात राहतात, असा त्यांच्यावर आरोप होता. आपण पती व मुलांसह वेगळे, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकारी, आयुक्त आणि औरंगाबाद खंडपीठ या तिन्ही ठिकाणी त्या हरल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील स्त्रीला, इतक्या सहज पदावरून काढता येणार नाही असे बजावले. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या बाररूममध्ये हा निकाल जवळ असायला हवा.

अशा प्रकरणाचा खरा कस जिल्हाधिकाऱ्यांपुढे लागतो. रिट याचिकेत सहसा साक्षीपुरावा नोंदवला जात नाही. खालच्या कागदांवरूनच निर्णय होतो. म्हणून मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून झाली की ग्रामसेवकाने नुसता पंचनामा केला, पंचनाम्याच्या वेळी त्या सदस्याला बोलावले होते का, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर कोणाच्या नावे आहे, भाडेपावत्या कुठे आहेत, हे सारे पहिल्याच तारखेला लेखी उत्तरासोबत जोडावे लागते. जे तिथे मांडले नाही, ते खंडपीठात नव्याने उभे करणे फार अवघड. खंडपीठातली पहिली धडपड स्थगितीसाठी असते. ती मिळाली नाही तर याचिका बोर्डावर येईपर्यंत पद जाते, पोटनिवडणूकही होऊन जाते.

मराठवाड्याची आणखी एक अडचण जुन्या दप्तराची. निजामकाळातील नोंदी उर्दूत, काही मोडीत. कूळ, इनाम किंवा जातीच्या दाखल्याचा वाद असला की पहाणी पत्रक आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक शोधावे लागते आणि वाचणारा जाणकारही. कुणबी नोंदींसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानंतर हे दप्तर वकिलांच्या टेबलावर अधिकच येऊ लागले. सेवाविषयक तंट्यात वाट वेगळी : राज्य शासनाचा कर्मचारी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, जिल्हा परिषदेचा शिक्षक मात्र थेट उच्च न्यायालयात.

तडजोडीसाठी गावात तंटामुक्त समिती असते; ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यभर सुरू झाली. बांध, पाणी, रस्ता यांवर ती उपयोगी पडते, अपात्रता किंवा जात पडताळणी मात्र तिच्या हाती नाही. लोकअदालतीतील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते, त्यामुळे सही करण्याआधी पक्षकाराला प्रत्येक अट समजावणे हे वकिलाचे कर्तव्यच ठरते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.