गालिबचा प्याला कोणी कसा वाचला?

गेल्या वर्षी उर्दूच्या तासाला गालिबची गझल शिकवत होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हा शायर दारू प्यायचा ना? मग आपण त्याला का वाचायचं?" वर्ग हसला. मी ठेवणीतलं उत्तर दिलं, "इथे शराब म्हणजे अल्लाहचं प्रेम." तिने ते वहीत उतरवून घेतलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. गालिब पीत असे आणि ते लपवतही नसे. मी तिचा प्रश्न सोडवला नव्हता, झाकला होता.

आपल्याच कवितेबद्दलचा हा संकोच आला कुठून? त्याला इतिहास आहे.

१८५७ नंतर दिल्ली उद्ध्वस्त झाली. 'आब-ए-हयात' (१८८०) लिहिणारे मुहम्मद हुसैन आझाद यांच्या वडिलांना, मौलवी मुहम्मद बाकर यांना, इंग्रजांनी मृत्युदंड दिला. पुढे आझाद आणि अल्ताफ हुसैन हाली, दोघेही लाहोरला सरकारी नोकरीत गेले. तिथे १८७४ मध्ये वेगळेच मुशायरे भरले. समस्यापूर्तीसाठी ओळ द्यायची जुनी रीत सोडून शायरांना विषय दिले गेले : पावसाळा, आशा, देशप्रेम.

१८९३ मध्ये हालींचा 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' आला. मिल्टनचा आधार घेऊन त्यांनी कवितेला तीन कसोट्या लावल्या : साधेपणा, वास्तव आणि उत्कटता. गझलेतली ठरीव आशिकी आणि मद्यशाळा त्यांना खोटी वाटली, समाजाला घातकही वाटली. ही नैतिक समीक्षा. मला हालींचा राग येत नाही. हरलेल्या समाजाला सावरू पाहणारा तो प्रामाणिक माणूस होता. पण डोळ्यांवरचा चष्मा जेत्यांचा होता, हेही खरं.

हेच हाली गालिबचे शागीर्द. १८९७ मध्ये त्यांनी 'यादगार-ए-गालिब' लिहून गुरूचं आयुष्य, स्वभाव, विनोद सगळं जपून ठेवलं. ही चरित्रात्मक समीक्षा. तिच्यामुळे माणूस कळतो, पण सगळी कविता उलगडत नाही. ख्वाजा मीर दर्द हे सूफी, दर्ग्यातले. त्यांच्याही गझलेत साकी आहे, प्याला आहे. मग शायराच्या सवयीवरून शेराचा अर्थ कसा लावणार?

१९२१ मध्ये भोपाळच्या हस्तलिखितावरून गालिबच्या तरुणपणीच्या, त्याने स्वतःच गाळलेल्या रचना छापल्या गेल्या. त्याच वर्षी अब्दुर्रहमान बिजनौरींचा प्रबंधही प्रसिद्ध झाला. त्यांनी गालिबला युरोपातल्या थोर कवींच्या शेजारी बसवलं, त्याचा दीवान वेदांच्या पंक्तीला नेला. हालींना जिथे लाज वाटली तिथे यांना अभिमान वाटला. पण दोघांची नजर युरोपकडेच होती.

१९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक जमले. आता विचारलं जाऊ लागलं, की कवी कोणत्या काळाचा, कोणत्या वर्गाचा? याच पिढीच्या अली सरदार जाफरींनी १९५८ मध्ये मुंबईहून गालिबचा दीवान उर्दू आणि नागरी दोन्ही लिपींत काढला. मोडकळीला आलेल्या एका जगाचा साक्षीदार म्हणून त्यांनी गालिब पाहिला. फडके-खांडेकरांचा कलावाद-जीवनवाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटणार नाही.

१९६६ मध्ये अलाहाबादहून 'शबखून' सुरू करणाऱ्या शम्सुर्रहमान फारुकींनी वेगळीच वाट घेतली. त्यांचं म्हणणं असं, की गझल तिच्या स्वतःच्या कायद्याने वाचा. जुन्या उस्तादांकडे 'मजमून' आणि 'मानी' हे दोन वेगळे शब्द होते. मजमून म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय. मानी म्हणजे त्यातून शायराने नव्याने काढलेला अर्थ. शराब हा मजमून आहे, कबुलीजबाब नव्हे. गझलेतला 'मी' म्हणजे शायरच, हे गृहीत धरू नका. गोपीचंद नारंग १९९३ च्या ग्रंथात वाचकाला मध्यभागी आणतात : अर्थ पुरा होतो तो वाचणाऱ्यापाशी.

मी आज यातला एकच चष्मा लावून बसत नाही. पण क्रम ठरवला आहे. आधी शब्द, मग परंपरा, मग काळ आणि सगळ्यात शेवटी शायराचं खासगी आयुष्य. आपण नेमके उलटे जातो. आधी माणसावर फतवा, मग वेळ उरला तर कविता.

पुढच्या तासाला मी वर्गात सांगितलं, "तिचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर अपुरं होतं." फळ्यावर हे सगळे चष्मे मांडले आणि तोच शेर पुन्हा वाचायला दिला. ती मुलगी बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, हा नुसता प्याला मागतोय. मिळाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला दिसलं नव्हतं. गाईडात याला गुण नाहीत. मी दिले.